मशीन उघडायचं की उतरवायचं

विचारणा थोडक्यात अशी आहे: २८ फुटी लाकडी होडी, हर्णै बंदरावर धंदा. मशीन दोन सिलिंडरचं, २० एचपी, १५०० आरपीएमचं, समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरणारं. वडिलांनी घातलेलं, बावीस वर्षं झाली. सकाळी पांढरा धूर, आठवड्याला दीड-दोन लिटर ऑईल खातं, आणि शेवटच्या महिन्यात करंटविरुद्ध दम सोडायला लागलं. मेकॅनिक म्हणतो किट टाकू, म्हणजे नवीन लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन आणि रिंगा. मेहुणा म्हणतो ३५ एचपीचं नवीन घे, बोट पळेल. होडी सध्या आंजर्ल्याच्या खाडीत ओढून ठेवलीय. काय करावं?

नाखवा, मेकॅनिकचं आणि मेहुण्याचं, दोन्ही उत्तरं मशीन उघडायच्या आधीची आहेत. एकतीस वर्षं रत्नागिरीत बोटींची मशीनं करतोय, आणि अजूनही हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवल्याशिवाय कुणाला हो-नाही सांगत नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग हे सगळं दुकानात मिळतं. मिळत नाही तो ब्लॉक. खाऱ्या पाण्यावर बावीस वर्षं चाललेल्या मशीनमध्ये खरा प्रश्न एवढाच की आतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, अजून बीड राहिलंय का. ते कसं बघायचं ते पुढे सांगतो. त्याआधी फुकटातल्या गोष्टी तपासा, कारण नवीन मशीनचं कोटेशन खिशात घेऊन आलेल्या माणसाला शंभर रुपयांच्या वॉशरवर परत पाठवल्याचं मला आठवतं.

होडी वाळूत आहे म्हणून मशीन सुकं चालवू नका. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर रबराचा असतो, पाण्याविना एक-दोन मिनिटांत जळतो. पंपाचा सक्शन पाइप गोड्या पाण्याच्या पिंपात सोडा आणि पिंप सारखं भरत राहा. त्यात ब्लॉकमधलं मीठही थोडं धुऊन निघेल.

रात्री डिझेल टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत एक लिटर काढून ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला तर अर्धा रोग तिथेच आहे. दोन्ही फिल्टर बदला, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचे सगळे वॉशर नवीन टाका, हवा काढा. नोझल काढून टेस्टिंगला द्या. फवारा धुक्यासारखा यायला हवा. पिचकारी येत असेल किंवा टोकाला थेंब लटकत असेल तर सकाळचा पांढरा धूर तिथूनच असू शकतो. टॅपेटचं अंतर मशीनच्या पुस्तकाप्रमाणे लावा. सायलेन्सर काढून आत काठी घाला. काजळीने अर्धा बुजलेला पाइप मशीनचा गळा धरतो. आणि केबिन. पावसाचं पाणी नको म्हणून प्लायवूडने चारी बाजू बंद केलेल्या केबिनमध्ये मशीनला श्वास कुठून मिळणार? दार उघडल्यावर काळा धूर कमी होतो का, एवढं बघायला पाना लागत नाही.

तुमचा धूर पांढरा आहे, तर एक जुनी युक्ती करा. स्टीलचं स्वच्छ ताट सायलेन्सरच्या तोंडासमोर अर्धा मिनिट धरा. डोळ्यांना झोंबणारा वास आणि ताटावर तेलकट थेंब म्हणजे न जळलेलं डिझेल: नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. वास नाही आणि थेंब पाण्याचे असतील, मशीन तापल्यावरही धूर जात नसेल, तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय. मशीन समुद्राच्या पाण्यावर चालत असताना हेच केलंत आणि ताट उन्हात वाळल्यावर पांढरी मिठाची खपली राहिली, तर वाद संपला. मग हेडखालचं गॅसकेट गेलं किंवा हेड चिरलं.

ऑईलसाठी सकाळी मशीन फिरवायच्या आधी संपचा (मशीनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याचा) खालचा नट अर्धा फेरा सैल करा. पाणी जड, रात्रभरात तळाला बसतं, ऑईलच्या आधी तेच बाहेर येतं. डिपस्टिकवर ताकासारखं दिसेपर्यंत थांबलात तर क्रँक वाचवायला उशीर झालेला असतो.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. गेज असेल तर मशीन गरम करून दोन्ही सिलिंडरचे आकडे घ्या. आकड्यापेक्षा दोघांतला फरक मला जास्त सांगतो, दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरवर लक्ष ठेवा. गेज नसेल तर हँडल आहेच. एका सिलिंडरचा डीकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून दाब सोडणारा) उचलून ठेवा आणि दुसऱ्यावर हँडल सावकाश फिरवा. हाताला उशीसारखं अडकलं पाहिजे आणि ती उशी दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. फुस्सकन बसली तर कॉम्प्रेशन नाही. मग नोझलच्या भोकातून दोन चमचे ऑईल घाला, त्याहून जास्त नको, नाहीतर वर अडकून काहीतरी वाकेल. परत फिरवा. उशी घट्ट झाली तर रिंगा आणि लायनर झिजलेत. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

इतकं ऑईल खाणाऱ्या, बावीस वर्षांच्या मशीनमध्ये उत्तर बहुतेक रिंगा-लायनर असंच येईल. म्हणजे हेड उतरवायचंच. पण सामान आणायला दुकानात धावू नका.

हेड उतरलं, पिस्टन निघाले, की पुलरने लायनर ओढून काढा. ब्लॉकच्या आत खाली, लायनरच्या दोन रबरी रिंगा जिथे बसतात, तो गोल काठ घासून स्वच्छ करा, बॅटरी मारा आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरा. चांगलं बीड टोकाला दाद देत नाही, नुसता चकाकता ओरखडा उठतो. वाईट बीड दिसायला तसंच असतं, आकारही तोच, पण टोक आत जातं आणि काळी भुकटी निघते, बोटावर घासली तर पेन्सिलच्या शिशासारखी. ते शिसंच आहे एका अर्थी. खाऱ्या पाण्याने बिडातलं लोखंड खाल्लं आणि मागे ग्रॅफाइटचा सांगाडा राहिला. हीच परीक्षा ब्लॉकच्या वरच्या पाठीवर, पाण्याच्या भोकांच्या कडेला करा, आणि हेडच्या खालच्या बाजूला दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पट्टीवर करा.

हेड गेलं तर हेड बदलता येतं. वरची पाठ थोडी खाल्ली असेल तर प्लेन करून भागतं. पण रबरी रिंगांचा काठ शिसं झाला असेल तर नवीन लायनर, नवीन रिंगा, कितीही भारी सामान घाला, पाणी खालून संपमध्ये उतरणारच. तिथे स्लीव्ह बसवणारे लेथवाले आहेत, मी स्वतः तीन ब्लॉक तसे करून घेतलेत. दोन दुसऱ्या पावसाळ्याला परत आले. त्यानंतर मी ते काम घेत नाही. काठ गेला असेल तर किटचा विचार सोडा, नवीन मशीन बघा.

काठ शाबूत असेल तर लायनरची झीज मोजा. बोअर गेज नसेल तर जुनी रिंगच गेज म्हणून वापरता येते. पिस्टनवरची एक रिंग काढून लायनरच्या तळाशी ढकला, जिथे पिस्टनची रिंग कधी पोचत नाही, आणि पिस्टनच्या डोक्याने ती सरळ करा. टोकांमधली फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. मग तीच रिंग वर, न झिजता उरलेल्या कंगोऱ्याच्या लगेच खाली ठेवून मोजा. समजा खाली ०.४० मिमी आली आणि वर १.३० मिमी. फरक ०.९०. त्याला ३.१४ ने भागा, ०.२९ मिमी. इतकं तुमचं लायनर वरच्या अंगाला झिजलंय. साधारण १०० मिमीच्या बोअरला मी पाव मिलिमीटर हद्द धरतो. त्याच्या पुढे नुसत्या रिंगा बदलणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी तेच करून येतो आणि दिवाळीला परत धूर.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग, नखाने बघा. नख अडकलं तर ग्राइंडिंग. अंडरसाइज बेअरिंग ०.२५ आणि ०.५० मिमीची सहसा मिळतात, त्याच्या पुढची मिळतील याची खात्री करूनच ग्राइंडिंगला द्या. याआधी क्रँक एकदा ग्राइंड झालाय का हे वडिलांना विचारा, किंवा जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाचा.

म्हणजे काठ चांगला, क्रँक पहिल्या किंवा दुसऱ्या साइजमध्ये बसतोय आणि हेडला चीर नाही, तर मशीन करा. १५०० आरपीएमचं जड बिडाचं मशीन नीट बांधलं तर पुढची आठ-दहा वर्षं बिनबोभाट जातं. समुद्रात बॅटरी-वायरीशिवाय, हँडल मारून चालू होणारं मशीन मला आजही इलेक्ट्रॉनिक्सवाल्यापेक्षा जवळचं वाटतं. हा माझा पक्षपात आहे, तो धरून चाला.

पण बांधताना ज्या कारणाने ते गेलं ते तसंच ठेवू नका. थेट समुद्राचं पाणी फिरवणारं मशीन मुद्दाम थंड ठेवावं लागतं, कारण ५५ अंशांच्या आसपास पाण्यातले क्षार आत खपली धरायला लागतात. आपले लोक त्याही पुढे जाऊन थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग मशीन दिवसभर कोमट. कोमट मशीनमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, लायनरवरून खाली धुपून ऑईल पातळ करतं, आणि लायनर झिजतं. मशीन 'थंड चालतंय' म्हणून खूश असलेले नाखवे मी पुष्कळ पाहिलेत. जमत असेल तर याच वेळी हीट एक्स्चेंजर बसवा, किंवा होडीच्या तळाला बाहेरून पाइप फिरवून ब्लॉकमध्ये गोडं पाणी आणि कूलंट बंद चक्रात ठेवा. खारं पाणी बाहेरच्या बाहेर. खर्च आहे, पण बीड वाचतं. ते जमलं नाही तर निदान थर्मोस्टॅट परत बसवा, झिंक (बिडाऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) दरवर्षी बदला आणि मासेमारीची पावसाळी बंदी लागली की पिंपभर गोड्या पाण्याने मशीन धुऊन ठेवा.

आता मेहुण्याचं ३५ एचपी. तुमची होडी पाणी कापत जाणारी आहे, पाण्यावर उचलली जाणारी नाही. अशा बोटीचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. २८ फुटी होडीची पाण्यातली लांबी २५ फूट धरा. वर्गमूळ ५, म्हणजे ६.७ नॉट. चांगल्या अवस्थेतलं २० एचपी तिला सहाच्या आसपास नेतं. ३५ घातलंत तर उरलेला अर्धा-पाऊण नॉट मिळेल, नाळेसमोर (होडीच्या पुढच्या टोकासमोर) पाण्याचा डोंगर उभा राहील, आणि पूर्ण लोडवर तासाला चार-पाच लिटरच्या जागी आठ लिटर डिझेल जाईल. जाळं ओढायला, वाऱ्याविरुद्ध परतायला थोडी ताकद हाताशी हवी हे खरं. त्यासाठी २५ पुरे.

नवीन घ्यायचंच ठरलं तर एचपीच्या आधी आरपीएम विचारा. माझी स्वतःची फजिती सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी अशाच एका होडीतलं १५००चं जुनं मशीन काढून ३०००चं हलकं मशीन घातलं. गिअर दोन्हींचा २:१, शाफ्टच्या टोकाचा पाण्यातला पंखा जुनाच ठेवला. चांगला पितळी पंखा, कशाला बदला? पाण्यात उतरवली तर मशीन १५००-१६००च्या पुढे सरकेना, धूर डांबरासारखा. जुन्या मशीनवर शाफ्ट ७५०ने फिरत होता, आता मी त्याला १५००ने फिरवायला बघत होतो. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनात वाढते. दुप्पट फेऱ्या म्हणजे आठपट ताकद. २०चं काम ३५ने होईल असं मी धरलं आणि पंखा १६० मागत होता. शेवटी ३:१चा गिअर आणि लहान पंखा माझ्या खर्चाने बसवला. तेव्हापासून मशीन, गिअर आणि पंखा यांचा हिशेब एकाच कागदावर करतो. पाण्यात तपासायची रीत सोपी आहे: बर्फ, डिझेल, माणसं सगळं भरून, पूर्ण रेस दिल्यावर मशीनने प्लेटवरचे आरपीएम गाठले पाहिजेत. दोन-तीनशे कमी पडले तर पंखा मोठा आहे. खूप वर गेले तर लहान.

कोटेशनमध्ये जो आकडा दिसतो तो फक्त मशीनचा. बेडची लाकडं, गिअर, कपलिंग, पंखा, कदाचित शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, सुताराची मजुरी हे वेगळं. मी मशीनच्या किमतीवर आणखी ३० ते ५० टक्के धरायला सांगतो. दुरुस्तीचा एकूण खर्च या मोठ्या बेरजेच्या निम्म्याच्या आत बसत असेल, आणि बीड शाबूत असेल, तर दुरुस्ती. जुनं मशीन काढल्यावर बेडच्या लाकडात सुताराला टोच्या मारून बघू द्या. बावीस वर्षं ऑईल-डिझेल पिऊन वरून काळंकुळकुळीत, आतून भुसभुशीत झालेलं बेड मी पाहिलंय. पठाणाशी (होडीच्या तळाच्या मुख्य लाकडाशी) जिथे ते जोडलंय तो सांधाही बघा. नवीन मशीन जुन्याच्या निम्म्या वजनाचं असेल तर मागचा भाग उचलतो आणि लाटेत पंखा हवा खातो. टाकी थोडी मागे घ्यावी लागते.

ट्रकचं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगेलच. रस्त्यावरचं मशीन सपाट चालायला बनलेलं असतं. होडीत ते मागे दहा-बारा अंश कललेलं बसतं, ऑईल संपच्या एका टोकाला जातं आणि सक्शनची जाळी दुसऱ्या टोकाला असली तर लाटेत पंप हवा ओढतो. ट्रकच्या मशीनवर समुद्राच्या पाण्याचा पंप नसतो, आणि गव्हर्नरही ट्रकच्या कामाचा असतो. संप, पंप, कूलर सगळं बदलून नीट केलेली मशीनं मोठ्या ट्रॉलरवर वर्षानुवर्षं चालतात. २८ फुटीत तो खटाटोप करू नका.

अलाइनमेंटवर मात्र वेळ घाला, मग मशीन जुनंच परत बसवा की नवीन. गिअरची आणि शाफ्टची फ्लँज समोरासमोर आणा, बोल्ट न घालता. चार जागी, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, फिलर गेज घाला. १०० मिमीच्या फ्लँजला सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान फट यांतला फरक ०.१० मिमीच्या आत हवा. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत मोजा. मोठी फट जागच्या जागी राहिली तर मशीन तिरकं बसलंय, पायाखाली शिम घाला, लाकडाची पाचर नको. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा फ्लँज वाकलीय, मशीन हलवून काही होणार नाही, लेथवर पाठवा.

हे सगळं वाळूत एकदा करायचं आणि पाण्यात उतरवल्यावर परत करायचं. लाकडी होडी वाळूत एका आकाराची असते, पाण्यात दुसऱ्या. फळ्या फुगतात, तळ सैलावतो. मी दोन दिवस तरंगू देतो, टाकी भरून, मगच शेवटचे बोल्ट. सुरुवातीच्या वर्षांत एकदा वाळूतच छान जुळवून बोल्ट आवळले आणि घरी गेलो. पंधरा दिवसांत मागचं बुश खाल्लं, ग्लँडमधून (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सांध्यातून) पाणी धार लावून आत. फ्लेक्सिबल कपलिंग टाकलं की अलाइनमेंट लागत नाही असं सांगणाऱ्याला मशीनला हात लावू देऊ नका. ग्लँडची दोरी नवीन टाका, पण करकचून आवळू नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, तेच त्याचं वंगण.

नवीन लायनर-रिंगा बसल्यावर मशीन बंदरात तासन्‌तास रिकामं घुरघुरत ठेवायची पद्धत आहे. ती चुकीची. लोड नसलं की रिंगा लायनरला बसत नाहीत, लायनर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि ऑईल खाणं कायमचं लागतं. गरम झालं की अर्ध्या-पाऊण लोडवर चालवा, रेस कमी-जास्त करत. पहिले पन्नास तास पूर्ण रेस देऊ नका. पन्नास तासांनी ऑईल आणि फिल्टर बदला.

मशीन बदललंत तर बिल जपून ठेवा आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे परवान्यावर, नोंदणीवर नवीन मशीनचा नंबर आणि अश्वशक्ती चढवून घ्या, विमा असेल तर तिथेही कळवा. डिझेलच्या परताव्याच्या वेळी मच्छीमार सोसायटीत नंबर जुळला नाही की सगळं अडतं.

वेळेचं बोलायचं तर उघडायचं काम आत्ताच करा. १ जूनला बंदी लागली की सगळ्यांना वाटतं दोन महिने आहेत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लेथवाल्याकडे क्रँकची रांग लागते, आणि घाईत ग्राइंड केलेला क्रँक नारळी पौर्णिमेनंतर कुठल्यातरी रात्री बोलतो. उघडलेले भाग पावसाळी हवेत एका रात्रीत गंजतात, ऑईल फासून गोणपाटात बांधून ठेवा. मशीन अख्खं काढावं लागलं तर तिकाटणं (तीन पायांची घोडी) आणि चेन ब्लॉक, खाडीच्या चिखलात तिकाटण्याच्या पायाखाली फळ्या घालायला विसरू नका.

लायनर निघालं की त्या काठाचे बॅटरी मारून जवळून फोटो काढा, टोकरल्यावर भुकटी निघाली की नाही ते लिहा, आणि दोन्ही सिलिंडरच्या रिंगफटीचे वरचे-खालचे असे चार आकडे द्या. फोटो पाठवताना काठ डिझेलने पुसून घ्या, गंजाखाली काही दिसत नाही.